उष्टी हवा

१

डोहातून वर आल्यावर माणसं काय काय करतात. कुणी नाक शिंकरतं, कुणी उगाच हसत सुटतं, कुणी घरी फोन लावून ‘येताना काय आणू’ विचारतं. थोरला काटा बघायचा. पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या नळीला लोंबणारा तो वाटीएवढा काटा डोळ्यांशी नेऊन किती हवा उरली ते तो मोठ्याने म्हणायचा, बक्षीस जाहीर केल्यासारखं, आणि मगच डोळ्यांवरचा मास्क काढायचा.

यात त्याची ऐट होती. डोहाच्या तळाला दोन माणसं शेजारीशेजारी पोहत जातील एवढं भोक होतं. तिथून डोंगराच्या पोटात गुहा जायची, जमिनीपासून छतापर्यंत पाण्याने भरलेली, काळीकुट्ट, आणि तिचं दुसरं टोक अजून कुणी पाहिलं नव्हतं. अशा जागी जायचं तर हवेचे तीन वाटे करायचे, असं थोरल्याच्या टोळीत शिकवत. पहिला वाटा आत जायला. दुसरा बाहेर यायला. तिसरा आपला नाही. तिसरा दुसऱ्याचा, आत ज्याला कमी पडेल त्याचा. त्याला आपण तोंड लावायचं नाही, तो आपल्या पाठीवर असला तरी. थोरल्याने या वाट्याचं इतकं मनावर घेतलं होतं की घरी एकटाच राहत असूनही पातेल्यात घोटभर दूध ठेवूनच उठायचा. विचारलं तर म्हणायचा, “तिसऱ्याचं.”

इतक्या वर्षांत थोरल्याच्या पाठीवरून तिसरा वाटा कधी कमी होऊन आला नव्हता.

त्या सकाळी तो वर आला, काटा डोळ्यांशी नेला, आणि काहीच बोलला नाही.

“आकडा बोला की दादा,” काठावरून सुतार म्हणाला. सुतार हा पाण्यातला त्याचा जोडीदार, बाहेर दारंखिडक्या करायचा आणि आत थोरल्याच्या मागे सावलीसारखा असायचा. “लाजता काय नवरीसारखे?”

थोरल्याने काट्यावर टिचकी मारली. काटा हलला नाही. तिसरा वाटा गेला होता. सगळा नव्हे, पण जवळजवळ गेलाच होता, आणि थोरला आत दमला नव्हता, घाबरला नव्हता, कुठे अडकलाही नव्हता. आपण आज सावकाश पोहलो हे त्याला पक्कं आठवत होतं.

“काटा अडकलाय,” तो म्हणाला.

“काटा अडकला तर वर अडकतो, खाली नाही,” सुतार म्हणाला, आणि मग थोरल्याचा चेहरा बघून फळी उचलायला निघून गेला.

२

आता या दोन टोळ्यांचं भांडण सांगायलाच हवं, कारण ते भांडण नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

थोरल्याच्या टोळीला सगळे ‘बुडबुडे’ म्हणायचे. पाठीवर दोन टाक्या, तोंडात त्यांच्या नळीचं रबरी तोंड, म्हणजे रेग्युलेटर, श्वास घ्यायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, की निघाले बुडबुडे खळखळत वर. दुसरी टोळी ‘मुके’. त्यांच्या पाठीवर यंत्र. माणसाने सोडलेला श्वास त्या यंत्रात जायचा, तिथे धुतला जायचा, आणि परत त्याच माणसाच्या तोंडात यायचा. एक बुडबुडा बाहेर नाही, एक आवाज नाही. आणि ही दुसरी टोळी काढली होती थोरल्याच्या धाकट्या भावाने.

ज्या दिवशी धाकट्याने ते यंत्र घरी आणलं त्या दिवशी थोरला त्याच्याभोवती चक्कर मारून म्हणाला होता, “म्हणजे आपणच सोडलेली हवा आपणच परत ओढायची? शी! उष्टी हवा!”

“धुतलेली असते दादा.”

“उष्टं ते उष्टं. ताट धुतात, घास धुतात का?”

“तुझी अर्धी चावलेली सफरचंदं खाऊन मी एवढा झालो,” धाकटा हसत म्हणाला, “आणि तू मला उष्ट्याचं सांगतोस?”

मग ते नेहमीचं सुरू झालं. धाकटा म्हणायचा, तुमचे बुडबुडे छताला आपटतात, छताचा गाळ झडतो, आणि मग तुम्ही आंधळ्यासारखे दोरी चाचपत बाहेर येता. थोरला म्हणायचा, तुझं यंत्र बिघडलं तर तुला कळणारसुद्धा नाही, डुलकी लागल्यासारखा जाशील. धाकटा म्हणायचा, आम्ही प्रत्येकजण आपली वेगळी टाकी सोबत नेतो, कुणाच्या तिसऱ्या वाट्यावर जगत नाही. यातूनच शेवटी घराच्या मधोमध भिंत आली. अलीकडे थोरल्याचा टाक्या भरायचा कॉम्प्रेसर धडधडायचा, पलीकडे धाकट्याची यंत्रं गप्प बसायची. डोहाच्या फाटकवाल्या मावशींनी दोघांना दिवस वाटून दिले होते, आज यांचा, उद्या त्यांचा, म्हणजे निदान पाण्यात तरी मारामारी नको.

भिंत आली तरी भाऊ भाऊच होते. लहानपणी दोघं एका गादीवर झोपायचे. धाकटा अंधाराला घाबरायचा आणि थोरल्याच्या हनुवटीखाली डोकं खुपसून पडायचा. पाणी प्यायला उठायचं तर थोरला त्याच्या दंडाला धरून अंधारातून न्यायचा. दंड एकदा पुढे ढकलला की ‘चल’, मागे ओढला की ‘थांब’. पुढे दोघं गुहेत उतरले तेव्हा त्यांनी तीच खूण सगळ्यांना शिकवली, आणि दोन्ही टोळ्या एकमेकींची प्रत्येक गोष्ट टाकून देत असताना ही एक खूण तेवढी दोघींकडे राहिली.

“बघशील तू,” भिंत बांधून होत असताना धाकटा पलीकडून म्हणाला होता, “तुझी हवा मी कधी मागणार नाही.”

“मागशील.”

“पैज?”

“पैज,” थोरला म्हणाला, आणि गवंड्याने पुढची वीट लावली.

मग मुक्यांच्या एका दिवशी धाकटा परतीची वाट सापडावी म्हणून सोडत जायची ती दोरी घेऊन सगळ्यांच्या पुढे गेला आणि आलाच नाही. दोन्ही टोळ्या मिळून शोधत होत्या. त्याने सोबत नेलेली वेगळी टाकी वाटेत दोरीला अडकवलेली सापडली, भरलेली, तिला त्याने हातही लावला नव्हता. पुढे दोरी होती. दोरीच्या टोकाला नीट मारलेली गाठ होती. त्याच्यापुढे स्वच्छ, रिकामं पाणी होतं.

याला आता दुसरा हंगाम चालू होता.

३

थोरला भोळा नव्हता. त्याने आधी काटा बदलला. नव्या काट्यानेही तेच सांगितलं. मग त्याने भरलेल्या टाक्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवल्या आणि स्टूल घेऊन समोर बसला. कुठून गळत असेल तर बुडबुडा दिसेल. दुपार कलली. सुतार येऊन डोकावून गेला, “काय दादा, मासे लागतायत का?” एक बुडबुडा आला नाही.

मग त्याने डॉक्टर गाठला. डॉक्टरने छाती ऐकली, नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, “तुम्ही शंख वगैरे वाजवता का हो? असा भाता या वयात मी पाहिला नाही.” थोरला तोंड पाडून घरी आला. छाती बिघडलेली निघाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. धाकट्याची टाकी जिथे अडकवलेली सापडली त्याच्या अलीकडे गुहा दुभंगते. तिथवर हवा बरोबर असायची. तिथून पुढे जाऊन परत त्या फाट्याशी येईपर्यंत काटा उतरलेला असायचा. जणू तेवढ्या वाटेवर थोरला दोघांच्या छातीने श्वास घेत होता.

“तुला आत काही वेगळं वाटतं का रे?” त्याने सुताराला विचारलं.

सुताराने पायातल्या रबरी पंखांचे पट्टे सोडता सोडता विचार केला. “एकच. तिथून परत येताना तुम्ही हनुवटी वर करून पोहता. बाळाला मांडीवर घेतलेली बाई मान कशी धरते, तसं.”

त्या दिवशी थोरला सामान धूत होता. बुडबुड्यांकडे प्रत्येकाचे दोन रेग्युलेटर असत. एक तोंडातला, लांब नळीचा. दुसरा राखीव, आखूड नळीचा, रबराच्या कडीने हनुवटीखाली गळ्यात अडकवलेला. राखीव कधी वापरला जात नाही. वापरला नाही म्हणून त्याचं रबर नवं कोरं असायचं.

थोरल्याने तो नळाखाली धरला, अंगठा फिरवला, आणि अंगठा थांबला. रबरावर दातांच्या खुणा होत्या. खोल, चघळलेल्या. फक्त डाव्या बाजूला.

थोरला रबर चावत नसे. त्याच्या ओळखीत पाण्यात रबर चघळणारा एकच माणूस होता, आणि तो डाव्या दाढांनी चघळायचा.

त्याने नळ बंद केला. भिंतीपलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवलं. नळी अजून ठिबकत होती. थोरल्याने रेग्युलेटर हळूच वर उचलला आणि, हे त्याचं त्यालाही नंतर नवल वाटलं, नाकाशी नेऊन वास घेतला.

४

मुक्यांची टोळी आता धाकट्याची बायको चालवायची. टोळी मुकी, पण बाईचा पट्टा सुरू झाला की फाटकवाल्या मावशी कानांवरून पदर घट्ट ओढून घ्यायच्या. नवऱ्याला ती सुरुवातीला चेष्टेत ‘अहो’ म्हणायला लागली, आम्ही किती जुन्या वळणाचे म्हणून, आणि मग ते चिकटलंच. धाकटा पाण्यातून वर आला की काठावरून तिची हाक यायची, “अहो, आलात का!” आणि छातीभर पाण्यात उभा असलेला धाकटा म्हणायचा, “नाही, अजून आतच आहे.” रोज तेच आणि रोज दोघं हसायची.

ती मागच्या दाराने थोरल्याच्या सामानाच्या शेडमध्ये आली तेव्हा रेग्युलेटर थोरल्याच्या हातातच होता.

“दादा, ऐकलंत का, पाणी खात्याची माणसं येऊन गेली. हंगाम संपला की भोकाला लोखंडी जाळी. कायमची. तुम्ही आणि आम्ही दोघंही घरी बसा, माशा मारा. मी म्हटलं निदान याबाबतीत तरी आपण एकत्र…” ती थांबली. “हे काय आहे?”

“जुनं आहे.”

“द्या बघू.”

“जुनं आहे म्हटलं ना.”

तिने ते त्याच्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि डाव्या बाजूवर बोट ठेवलं. तिचा पट्टा थांबला की शेडमध्ये किती आवाज असतात ते थोरल्याला पहिल्यांदा कळलं. पत्रा तडतडत होता. पिंपातलं पाणी उगाच हललं.

“महिन्याला एक रबर खायचे,” ती शेवटी म्हणाली. “मी म्हणायची, घरात उंदीर पाळला असता तर परवडला असता.”

थोरल्याने मग सगळं सांगितलं. काटा, पिंप, डॉक्टर, हनुवटी. सांगता सांगता त्याला वाटत होतं, ही आता हसेल, मुक्यांना जाऊन सांगेल, आणि उद्या डोहावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ती हसली नाही. ती रागावली.

“तुमच्याकडे का?” ती म्हणाली. “मी जाते ना आत. एक दिवसाआड जाते. त्याच फाट्याशी दिवा विझवून बसते. माझ्याकडे का नाही येत?”

थोरल्याने ओले हात विजारीला पुसले. “तुमचं यंत्र… त्यात दुसऱ्याला तोंड लावायला जागा कुठंय?”

“वेगळी टाकी असते माझ्याकडे. भरलेली.”

“ती तुझी असते,” थोरला हळूच म्हणाला. “तिसरा वाटा माझा नसतो.”

तिने रेग्युलेटर ओट्यावर ठेवला. दोन टोळ्यांचं इतक्या वर्षांचं भांडण, कुणाची रीत बरोबर आणि कुणाचं सामान चांगलं, ते तिथे ओट्यावर निकाली निघाल्यासारखं पडलं होतं, आणि जिंकल्याचा आनंद थोरल्याला अजिबात झाला नाही.

“मागतात का?” तिने विचारलं.

“नाही. न मागता घेतो.”

“तेच,” ती म्हणाली. “पैज लावली होती ना. मेले तरी हट्ट सोडायचे नाहीत.” आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने तोंडावर हात ठेवला.

५

त्यानंतर थोरला एकटा जाऊ लागला. सुताराला सांगितलं, तुझं लाकूडकाम तुंबलंय, ते बघ. सुतार नाही नाही म्हणत राहिला आणि काठावर बसू लागला.

फाट्याच्या पुढे गेलं की थोरला एका हाताने दोरी धरायचा, दिवा विझवायचा आणि थांबायचा. असा अंधार बाहेर कुठे नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले ते बोट लावून बघावं लागतं. ऐकायला एकच आवाज, स्वतःचा. आत घेताना स्स्स, सोडताना खळखळ. स्स्स. खळखळ. दोन छोटे श्वास आणि एक लांब, ही थोरल्याची जुनी लय. धाकटा म्हणायचा, दादाचे बुडबुडे मी डोळे मिटून ओळखेन.

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी गळ्यातली रबराची कडी अगदी हलकी ताणली गेली.

थोरला हलला नाही. राखीव नळी आखूड असते. कुणी तिला तोंड लावायचं तर त्याला थोरल्याच्या छातीशी यावं लागणार, डोकं हनुवटीखाली आणावं लागणार. त्याने हनुवटी वर केली. आपण ती वर केली हे त्याला नंतर कळलं.

स्स्स, राखीव रेग्युलेटरने आवाज केला. नळी थरथरली.

थोरला खळखळ ऐकायला थांबला.

आत गेलेला श्वास बाहेर येतो, यात शहाण्याला सांगण्यासारखं काही नाही, आणि पाण्यात तर तो वाजतगाजत येतो. इथे तो आला नाही. पुन्हा स्स्स. पुन्हा काही नाही. हवा जात होती आणि जातच होती, एखाद्या खोलीत जावी तशी. थोरल्याने मोकळा हात हळूहळू पुढे नेला. लहानपणी केसांवरून फिरवायचा तसा. हात छातीपर्यंत परत आला. मध्ये पाणीच होतं. थंड होतं, फक्त हनुवटीखाली थोडंसं कमी थंड.

भीती वाटली का? वाटली. मानेपासून टाचेपर्यंत वाटली. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते इतकं जुनं होतं की त्याला नाव आठवेना. एका गादीवर, भिंतीकडच्या बाजूला, कुणीतरी झोपलंय आणि आपला हात अवघडलाय पण काढायचा नाही, असं काहीतरी.

मास्कच्या आत डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता येत नाही. थोरला तसाच दोरी चाचपत बाहेर आला. दर थोड्या अंतरावर दोरीला प्लास्टिकचे बाण होते. बाणाचं टोक नेहमी बाहेरच्या दिशेला, हा दोन्ही टोळ्यांचा नियम. प्रत्येक बाण बोटाखाली आला की थोरल्याला वाटायचं, मागे वळून कुणाला तरी सांगावं, हे बघ, इकडे. इकडून बाहेर.

६

जाळी आली. ट्रकमधून उतरवून फाटकाशी टेकवून ठेवली. उद्या सकाळी बसवणार.

“आज आमचा दिवस आहे,” धाकट्याची बायको म्हणाली. ती काठावरच्या दगडावर बसली होती, शेजारी तिचं यंत्र झाकून ठेवलेलं. “मावशींनी लिहून दिलंय, विचारा.”

“ठाऊक आहे.”

“तरी तुम्ही टाक्या चढवताय.”

“तू नाही म्हण, उतरवतो.”

तिने नाही म्हटलं नाही. उठून तिने त्याच्या पाठीवरच्या टाक्यांचा पट्टा ओढून बघितला, मग गळ्यातला राखीव रेग्युलेटर. त्यावर थोरल्याने नवं रबर लावलं नव्हतं. तेच होतं, चावलेलं. तिने ते अंगठ्याने पुसलं.

“घेऊन या,” ती म्हणाली. “नुसती हवा देऊन येऊ नका या वेळी. घेऊन या.”

“तो मागेल तर आणीन. मागितल्याशिवाय मला त्याचा हातच सापडत नाही.”

“मग सांगा त्यांना, रबरं आणून ठेवली आहेत घरी. अख्खा डबा. किती चावायची तेवढी चावा म्हणावं.”

सुतार लांब उभा राहून जाळीला हात लावून बघत होता. “जोड चांगला घातलाय,” तो उगाच म्हणाला.

थोरला पाण्यात उतरला. मास्क लावताना तिने हाक मारली, “दादा! तुमच्या त्या खटाऱ्याचा एक फायदा मानते मी. आमचा माणूस वर येतो तेव्हा पाण्यावर काही उमटत नाही, वर बसलेल्याच्या जिवाला घोर. तुमचे बुडबुडे आधी येतात. कळतं, कुणीतरी येतंय.”

“इतकी वर्षं लागली कबूल करायला,” थोरला म्हणाला, आणि रेग्युलेटर तोंडात धरून खाली गेला.

७

फाट्याच्या पुढे त्याने दिवा विझवला आणि थांबला.

कडी ताणली गेली नाही. स्स्स, खळखळ, स्स्स, खळखळ. पहिला वाटा कधीच संपला होता, दुसराही खर्चायला लागला. थोरल्याने हनुवटी वर केली. कुणी आलं नाही. त्याच्या बुडबुड्यांनी छताचा गाळ सुटत होता आणि अंधारात त्याच्या कपाळावर, हातांवर हलका हलका बसत होता, कुणीतरी चादर ओढावी तसा.

आज रुसलाय, थोरल्याला वाटलं. आणि मग त्याला कळलं, नाही, लाजतोय. आज घ्यायचं नाहीये त्याला. आज मागायचंय.

“माग की रे,” तो रेग्युलेटरमध्ये म्हणाला. पाण्यात त्याचे शब्द झाले नाहीत, नुसती गुरगुर झाली. “हरलास तर हरलास. मी कुणाला सांगतोय?”

त्याने दिवा लावला. समोर तांबूस गाळाची भिंत, हातभर लांबचं दिसेना. त्या भिंतीच्या कडेला, दिव्याच्या उजेडाच्या अगदी काठावर, एक हात आला. नुसता हात, मनगटापर्यंत, त्याच्यामागे गाळ. पंजा सरळ करून तो गळा असावा अशा जागी आडवा फिरला. एकदा. मग जरा थांबून, पुन्हा एकदा, लहान मुलासारखा.

हवा नाही. दे.

अशा वेळी राखीव द्यायचा नाही, असा बुडबुड्यांचा नियम आहे. आपल्या तोंडातला काढून द्यायचा. जो चालतोय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे तोच दुसऱ्याला द्यायचा, आणि आपण गळ्यातला घ्यायचा. म्हणजे उष्टाच द्यायचा. थोरल्याने तोंडातला रेग्युलेटर काढला आणि पुढे केला. तो हातातून घेतला गेला. बोटं बोटांना लागली आणि ती गार नव्हती.

मग त्याने हनुवटीखाली हात घातला, राखीव रेग्युलेटर तोंडात घेतला आणि श्वास ओढला.

हवा आली. कोमट होती, कोरडी, खडूसारखी, कुठेतरी धुऊन वाळवलेली. थोरल्याने ती छातीत भरून घेतली. दाढा आपोआप डाव्या बाजूच्या खळग्यांत बसल्या. मग त्याने श्वास सोडला.

खळखळ झाली नाही.

ती झाली समोर, गाळाच्या पलीकडे. दोन छोट्या आणि एक लांब. थोरल्याने आयुष्यभर कानाशी ऐकलेली लय आता बाहेरून येत होती, जरा दूर, आणि दूर दूर जात होती. आतल्या दिशेने. दुसरं टोक असेल तिकडे. लांब नळी मोकळी होऊन त्याच्या मांडीला लागली. त्याला ओरडावंसं वाटलं, अरे उलटा चाललास, बाण बघ. कोण कुणाला ओरडतंय ते त्याला नीट कळेना.

मागून त्याच्या दंडाला कुणीतरी धरलं. ओळखीची पकड. एकदा पुढे ढकललं, बाण दाखवत होते तिकडे.

चल.

८

सुताराने त्याला काखेत हात घालून काठावर घेतलं, आणि थोरला काट्याकडे बघत नाही असं पाहून स्वतःच काटा उचलून बघितला.

“दादा!” तो ओरडला. “अहो तिसरा वाटा शाबूत! शाबूत काय, हललेलाच नाही! सांगत होतो मी, काटाच अडकायचा. मावशी, ऐकलं का?” आणि तो जाळीला, फाटकाला, आभाळाला ऐकू जाईल असा हसत सुटला.

धाकट्याची बायको काट्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. डोह ताटासारखा सपाट होता.

“तुम्ही वर आलात,” ती म्हणाली, “आणि बुडबुडे नाही आले.”

रेग्युलेटर अजून थोरल्याच्या तोंडात होता. तो काढायचा हे त्याला आठवत होतं, पण दाढा चाळा करत होत्या. डाव्या बाजूच्या.

ती जवळ आली. गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या जबड्याकडे बघत राहिली, पहाटे दारात कुणाची चाहूल लागावी तशी, विश्वास ठेवावा की नाही अशी.

“अहो,” ती म्हणाली. “आलात का?”

मी दादा आहे, असं त्याला म्हणायचं होतं. अगदी तेच म्हणायचं होतं. त्याने रेग्युलेटर काढला, तोंड उघडलं, आणि जिभेवर आधीच तयार असलेलं वाक्य बाहेर आलं.

“नाही. अजून आतच आहे.”

ती हसली. रडली आणि हसली. सुताराचं हसू थांबलं.

त्यांच्या मागे डोहाच्या मधोमध एक छोटा बुडबुडा वर आला आणि फुटला. मग आणखी एक छोटा. मग एक मोठा, लांब, सावकाश. तो ते ऐकत राहिला. त्या बुडबुड्यांची त्याला इतकी माया आली, इतकी ओढ लागली, की ओला हात आपोआप पाण्याकडे गेला, भिंतीकडच्या बाजूला झोपलेल्या कुणाकडे जावा तसा.

तिने त्याला दंडाला धरून थांबवलं, जाळीकडे एकदा बघितलं, आणि त्याला घराच्या दिशेने पुढे ढकललं.

एकदाच.